व्यायल्यानंतरचा पहिला तास महत्त्वाचा : दुधाळ शेळी आणि हातावर वाढवायची करडं, संपूर्ण माहिती

अहिल्यानगर : दिवाळी सरली की जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर शेळ्या व्यायला लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर लागलेल्या शेळ्या कार्तिक-मार्गशीर्षात मोकळ्या होतात. नेमकी त्याच वेळी थंडी वाढते. रात्री शेळी व्याली, दोन करडं झाली, घरात आनंद झाला आणि तिसऱ्या दिवशी त्यातलं एक गार पडलं, हा अनुभव शेळ्या सांभाळणाऱ्या जवळपास प्रत्येक घराला आहे. मग 'नजर लागली', 'करडू मुळातच अशक्त होतं' असं म्हणून विषय संपतो.

खरं पाहिलं तर लहान करडांतली बरीच मर टाळता येते. करडू दुधावाचून मरतं असा समज आहे, पण बहुतेक वेळा ते दुधाच्या चुकीनं मरतं. चीक उशिरा मिळतो, गार पडलेल्या करडाच्या तोंडात दूध ओतलं जातं, बाटली नीट धुतलेली नसते, किंवा मायेपोटी पोट फुगेपर्यंत पाजलं जातं. या चारही गोष्टी पैसे न खर्च करता सुधारता येतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आहेत. त्यातल्या बहुतेक शेळ्या दोन-चार, पाच-दहा अशा लहान कळपांत, लहान शेतकरी आणि भूमिहीन कुटुंबांच्या दारात आहेत. अशा घरात एक करडू गेलं तर वर्षाच्या हिशोबाला मोठं भोक पडतं.

दुधासाठी कोणती शेळी?

आपल्या भागातली दुधाची शेळी म्हणजे संगमनेरी. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे हा तिचा मूळ पट्टा. रंग बहुतेक पांढरा, काहींच्या अंगावर तांबडे-काळे ठिपके, कान लोंबते. दूध आणि मटण दोन्हीसाठी ती चालते. चांगली खाऊ-पिऊ घातलेली संगमनेरी दिवसाला लिटरभराच्या आसपास दूध देते. उस्मानाबादी शेळी काळी, काटक आणि जुळी देणारी. मात्र ती मुख्यतः मटणाची जात आहे. तिचं दूध करडांना पुरतं, विकायला फार उरत नाही. विदर्भातली बेरारी आणि कोकणातली कोकण कन्याळ याही आपल्याच मातीतल्या, पण तिथेही भर मटणावर आहे.

पंजाबची बीटल, उत्तर प्रदेशातली जमनापारी, स्वित्झर्लंडची सानेन या जाती जास्त दूध देतात. पण त्यांना खुराक, निवारा आणि डॉक्टर हे तिन्ही वेळेवर लागतात. फक्त रानात चरून येणाऱ्या कळपात अशी महाग शेळी आणली की ती वर्षभरात खराब होते. नवख्यानं आधी स्थानिक शेळीपासून सुरुवात करावी आणि पुढे दुधाळ आईचा बोकड वापरून कळप सुधारावा.

शेळी घेताना बाजारात फक्त अंगाने भरलेली बघू नये. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची असावी. कास मऊ असावी, त्यात गाठ नको. दोन्ही सड सारखे आणि मोकळे असावेत. शक्य असेल तर मालकाच्या दारात जाऊन सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारा समोर काढून घ्याव्यात. बाजारात आणण्याआधी दूध तटवून कास मोठी दाखवायची युक्ती जुनीच आहे.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं मुख्यालय पुण्यात आहे. महामंडळाची प्रक्षेत्रं राज्यात वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, उदाहरणार्थ सोलापूर जिल्ह्यात महूद, सांगली जिल्ह्यात रांजणी आणि सातारा जिल्ह्यात दहिवडी. पैदाशीची जनावरं आणि प्रशिक्षण याबाबत तिथे चौकशी करता येते.

तयारी व्यायच्या आधीपासून

शेळीचा गाभण काळ साधारण १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा. शेळी कधी लागली ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली तर व्यायची वेळ चार-पाच दिवसांच्या फरकानं कळते.

दुधावर असलेली शेळी गाभण असेल तर शेवटचे दोन महिने तिचं दूध आटवावं. पोटातलं करडू सगळ्यात जास्त वाढतं ते शेवटच्या दीड महिन्यात. याच काळात रोज २५० ते ३०० ग्रॅम खुराक चालू ठेवावा. आंत्रविषाराची आणि धनुर्वाताची लस व्यायच्या महिनाभर आधी दिली तर आईच्या चिकातून तिचं संरक्षण करडाला मिळतं. लस डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

व्यायची जागा कोरडी, उजेडाची आणि वारा थेट न लागणारी असावी. जुनी लेंडी-माती काढून चुना मारावा, वर कोरडा भुसा किंवा पाचट टाकावं. घरात आधीच काढून ठेवायच्या वस्तू अशा : स्वच्छ सुती फडकी, धुतलेलं गोणपाट, टिंक्चर आयोडीनची बाटली, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, बाळाची दुधाची बाटली, थर्मामीटर आणि वजनकाटा. रात्री दोन वाजता या वस्तू शोधत बसलं की करडाचा पहिला तास तिथेच जातो.

शेळी व्यायला लागली

कास तट्ट भरते, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात, शेळी कळपातून बाजूला होते, उठ-बस करते, पायानं माती उकरते. पाण्याची पिशवी दिसल्यावर बहुतेक शेळ्या आपल्या आपण व्यातात. पिशवी फुटून तास झाला, शेळी जोर करते आहे आणि करडू बाहेर येत नाही, तर डॉक्टरांना फोन लावावा. पाय ओढून करडू काढायच्या नादात शेळीही जाते आणि करडूही.

करडू पडल्यावर आधी त्याच्या नाका-तोंडावरचा चिकटा बोटानं आणि फडक्यानं काढावा. श्वास घेत नसेल तर नाकपुडीत गवताची काडी फिरवावी. शिंक आली की श्वास सुरू होतो. गोणपाटानं अंग खसखसून पुसावं, पण सगळं आपणच पुसून काढू नये. करडू आईच्या तोंडापुढे ठेवावं. आई चाटते तेव्हा त्याचं अंग वाळतं, रक्त फिरतं आणि वासावरून ती त्याला ओळखायला लागते. ही ओळख पहिल्या तास-दोन तासांतच पक्की होते.

नाळ फार लांब लोंबत असेल तर पोटापासून दोन-तीन इंचावर दोऱ्यानं बांधून खाली नव्या ब्लेडनं कापावी. मग बाटलीच्या झाकणात आयोडीन घेऊन नाळ त्यात पूर्ण बुडवावी. नाळेला शेण, राख, माती लावायची पद्धत अजूनही काही घरांत आहे. ती बंद करायला हवी. धनुर्वात आणि सांधे सुजण्याचा आजार याच वाटेनं आत शिरतो.

चीक : वार पडायची वाट बघू नका

"वार पडल्याशिवाय सडाला तोंड लावू देऊ नको गं पोरी," असं जुन्या बायका सुनांना सांगत आल्या. हेतू चांगला होता, पण सल्ला करडाच्या जिवावर बेततो. वार पडायला कधी कधी आठ-दहा तास लागतात. तेवढ्यात करडाची संधी निघून गेलेली असते.

कारण असं : शेळीच्या पोटात असताना आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं करडापर्यंत पोहोचत नाहीत. करडू जन्मतं ते कसलंही संरक्षण नसलेलं. ते सगळं संरक्षण चिकात असतं. करडाच्या आतड्यातून ही द्रव्यं रक्तात जाण्याची वाट पहिल्या काही तासांत सताड उघडी असते, सहा तासांनंतर ती झपाट्यानं बंद होत जाते आणि दिवसभरात जवळपास पूर्ण बंद होते. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी पहिल्या तासाची भरपाई होत नाही.

म्हणून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात, पहिला चीक करडाच्या पोटात गेलाच पाहिजे. आधी कास कोमट पाण्यानं पुसून प्रत्येक सडाच्या दोन-तीन धारा खाली सोडाव्यात. सडाच्या तोंडाशी घट्ट बुच बसलेलं असतं, ते निघून जातं. मग करडाला सडाशी धरावं. चोखता येत नसेल तर चीक पिळून बाटलीनं पाजावा.

प्रमाण सोपं आहे. पहिल्या २४ तासांत करडाच्या वजनाच्या निदान दहावा हिस्सा चीक जायला हवा. करडू २ किलोचं असेल तर २०० मिली. एका वेळी ५० मिलीच्या आसपास, दिवसातून पाच-सहा वेळा. जमलं तर थोडा जास्तच मिळावा.

आता घरातली एक अडचण. चीक म्हटलं की खरवस आठवतो. करडं पोटभर प्यायल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस खुशाल करावा, पण पहिल्या दिवसाचा चीक करडाचाच. एखादी शेळी जास्त चीक देत असेल तर ५०-१०० मिलीच्या स्वच्छ बाटल्या भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. पुढे एखादी शेळी मेली किंवा तिला चीक आला नाही तर हाच साठा कामाला येतो. गोठलेला चीक कोमट पाण्यात बाटली ठेवूनच वितळवायचा. गॅसवर ठेवला की तो फाटून त्याचा खरवस होतो आणि त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं नासतात.

आपल्याच गोठ्यातल्या दुसऱ्या ताज्या व्यालेल्या शेळीचा चीक सगळ्यात चांगला. तो नसेल तर गाईचा चीक चालतो. दूध, अंडं आणि तेल एकत्र करून पाजायची घरगुती युक्ती आहे. तिनं पोट भरेल, पण चिकाचं काम होणार नाही.

वार पडायला साधारण १२ तासांपर्यंतचा वेळ धरतात. लोंबणारी वार ओढू नये, तिला दगड-वीट बांधू नये. १२ तास उलटले तर डॉक्टरांना कळवावं, दिवस उलटेपर्यंत थांबू नये. पडलेली वार कुत्र्याच्या तोंडी जाऊ न देता खोल पुरावी. हे काम हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून करावं आणि गरोदर बाईला त्यापासून लांब ठेवावं.

करडू गार पडलं तर आधी ऊब, मग दूध

सगळ्यात जास्त चूक इथे होते. पहाटे करडू निपचित पडलेलं दिसतं. घरातलं माणूस घाबरून चमच्यानं दूध त्याच्या घशात सोडतं. गार पडलेल्या करडाला गिळता येत नाही आणि पचतही नाही. दूध फुप्फुसात जातं आणि करडू तडफडून मरतं.

ओळखायची खूण अशी : स्वच्छ बोट करडाच्या तोंडात घालावं. तोंड गरम लागलं आणि करडानं बोट चोखलं तर ते दूध पिऊ शकतं. तोंड गार लागलं, चोखत नाही, तर आधी ऊब द्यायची. थर्मामीटर गुदद्वारात लावून पाहिला तर निरोगी करडाचं तापमान १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट असतं. ९९ च्या खाली असेल तर दूध पाजू नये.

अंग पूर्ण कोरडं करून गोधडीत गुंडाळावं. कोमट पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशीला ठेवाव्यात. वीज असेल तर टोपल्यावर दोन-अडीच फूट उंचीवर पिवळा बल्ब लावावा. बल्ब पाचटाला किंवा गोणपाटाला टेकणार नाही, वायर करडाच्या तोंडात येणार नाही, हे आधी बघावं, नाहीतर गोठ्याला आग लागते. शेकोटीच्या धुरात करडू ठेवू नये. डालग्याखाली करडं झाकायची पद्धत चांगली आहे, फक्त वरून ताडपत्री गच्च लावून हवा बंद करू नये.

जन्मून पाच-सहा तास झालेलं, काहीच न प्यायलेलं आणि अगदी थंडगार पडलेलं करडू असेल तर अंगातली साखर संपलेली असते. त्याला नुसती ऊब पुरत नाही. डॉक्टर ग्लुकोजचं इंजेक्शन देतात, तेव्हा ते वाचायची शक्यता असते.

हातावर कधी वाढवायचं?

आई मेली, तिळी झाली, कास सुजली, दूधच आलं नाही किंवा आई करडू जवळ घेत नाही, अशा वेळी बाटली हातात घ्यावी लागते.

त्याआधी दोन उपाय करून बघावेत. आई लाथ मारत असेल तर दोन-तीन दिवस तिला खांबाशी आखूड बांधून, एकानं धरून, दिवसातून पाच-सहा वेळा करडू सडाला लावावं. पुष्कळ शेळ्या चौथ्या दिवशी आपणहून घेतात. दुसरा उपाय म्हणजे दुसरी व्यालेली शेळी. तिचं एकच करडू असेल तर तिच्याच चिकाचा, वारेच्या पाण्याचा हात पोरक्या करडाच्या अंगावर, विशेषतः शेपटीच्या बाजूला फिरवावा. शेळी करडाला वासानं ओळखते. नुकती व्यालेली असेल तर ती सहसा फसते.

बाटली धरायची रीत

करडू चारही पायांवर उभं असावं, मान थोडी वर, बाटली आईच्या सडाच्या उंचीवर. लहान मुलासारखं मांडीवर उताणं घेऊन पाजू नये. करडू मान उंचावून चोखतं तेव्हा पोटात एक पन्हाळ तयार होते आणि दूध पहिल्या तीन कप्प्यांना वळसा घालून थेट चौथ्या, म्हणजे खऱ्या पचनाच्या कप्प्यात जातं. वाटीनं, चमच्यानं किंवा नळीनं ओतलेलं दूध भलत्या कप्प्यात जाऊन आंबतं आणि पोट फुगतं. नाकाला गेलं तर न्यूमोनिया होतो.

दूध हाताच्या मनगटावर टाकल्यावर कोमट लागावं, म्हणजे ३८ ते ४० अंश सेल्सिअस. उकळून कोमट केलेलं शेळीचं दूध उत्तम, नाहीतर गाईचं. त्यात पाणी घालू नये. म्हशीचं दूध जड असतं, तेच द्यायचं असेल तर हळूहळू सुरू करावं. कुठलंही दूध बदलताना तीन-चार दिवस घ्यावेत, आज शेळीचं आणि उद्या एकदम म्हशीचं असं करू नये. चहा, साखरपाणी, ताक, चहाची दूध पावडर हे करडाचं अन्न नाही.

देशी करडासाठी मोजमाप साधारण असं ठेवावं :

पहिले ३ दिवस : चीक, दिवसाला २०० ते ३०० मिली, पाच-सहा वेळा मिळून.
४ ते १४ दिवस : रोज ४०० ते ५०० मिली, चार वेळा.
तिसरा-चौथा आठवडा : रोज ६०० मिलीच्या आसपास, तीन वेळा.
पाचवा ते आठवा आठवडा : रोज ७०० मिलीपर्यंत, दोन-तीन वेळा.
नववा ते बारावा आठवडा : कमी करत एका वेळेवर आणून बंद.

करडू लहान असेल तर प्रमाण कमी, मोठं असेल तर थोडं जास्त. वेळा मात्र रोज त्याच असाव्यात. पाजून झाल्यावर कूस सपाट दिसावी. आत गेलेली दिसली तर करडू भुकेलं आहे, ढोलासारखी फुगली तर जास्त झालं आहे. करडू ओरडतं म्हणून प्रत्येक वेळी बाटली देणारं घर दोन दिवसांत हगवण आणतं.

प्रत्येक वेळी बाटली आणि बूच आधी गार पाण्यानं, मग गरम पाणी-साबणानं ब्रशनं घासून धुवावं, दिवसातून एकदा उकळावं आणि पालथं घालून वाळवावं. बुचाचं भोक फार मोठं असू नये. बाटली उलटी केली तर थेंब थेंब पडावं, धार लागू नये.

दुधाचा हिशोब : डेअरीला घालायचं की करडाला?

वरच्या मापानं एका करडाला तीन महिन्यांत सुमारे ४४ लिटर दूध लागतं. गाईच्या दुधाचा दर लिटरला ३५ रुपये धरला तर हा खर्च १,५४० रुपये होतो. आपल्या गावचा दर घालून ज्यानं त्यानं आपला आकडा काढावा आणि तीन-चार महिन्यांच्या चांगल्या करडाची बाजारातली किंमत त्याच्या शेजारी लिहावी. पहिला महिना दूध वाचवून करडू खुरटवलं तर ते पुढे खुराक खाऊनही अंग धरत नाही. पाट खुरटली तर ती उशिरा माजावर येते आणि तिचं दूधही कमीच राहतं.

घरात पाच-दहा शेळ्या असतील तर मधला मार्ग सगळ्यात सोयीचा आहे. पहिले दोन-तीन आठवडे करडं आईजवळच ठेवावीत, फक्त कास रिकामी झाली का ते बघावं. त्यानंतर रात्री करडं वेगळ्या कप्प्यात ठेवायची, सकाळी धार काढायची आणि दिवसभर करडं आईबरोबर सोडायची. यात घराला दूध मिळतं, करडू वाढतं आणि बाटलीचं कामही वाचतं. सगळीच करडं हातावर वाढवायची पद्धत मोठ्या दूध गोठ्यांसाठी आहे. तिला एक माणूस त्याच कामाला लागतो.

पाला, खुराक आणि दूध तोडणं

दुसऱ्या आठवड्यापासून करडाच्या तोंडाच्या उंचीवर कोवळ्या पाल्याची जुडी टांगावी. शेवरी, हादगा, सुबाभूळ, लसूणघास यातलं जे दारात असेल ते. सुबाभूळ एकट्यानं फार देऊ नये, दुसऱ्या चाऱ्यात मिसळावी. स्वच्छ पाणी कायम समोर असावं. पाला चघळण्यानंच करडाचं पोट रवंथासाठी तयार होतं.

करडांचा खुराक घरी करता येतो. १०० किलोसाठी मक्याचा भरडा ५० किलो, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड ३० किलो, गव्हाचा कोंडा १७ किलो, खनिज मिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो. चिमूटभरापासून सुरुवात करून हळूहळू १०० ग्रॅमपर्यंत न्यावं. बुरशी लागलेली पेंड कधीही देऊ नये.

दूध तोडताना तारखेपेक्षा वजन बघावं. जन्माच्या वजनाच्या निदान अडीच-तीन पट वजन झालं आणि करडू रोज १०० ग्रॅम खुराक व पाला नीट खाऊ लागलं की दूध बंद करायला हरकत नाही. एकदम बंद न करता आठवडाभरात कमी करावं.

हातावर वाढलेलं करडू माणसाळतं आणि माणसाच्या मागे फिरतं. त्याला दुसऱ्या आठवड्यापासून बाकीच्या करडांत सोडावं, नाहीतर ते चरायला शिकत नाही. बोकडाला लहानपणी डोक्यानं ढकलायचा खेळ शिकवू नये. वर्षभरानं तोच बोकड घरातल्या पोराला टक्कर मारतो.

हगवण, लस आणि जंत

हगवण लागली तर आधी चूक शोधावी : दूध जास्त झालं, गार होतं, बाटली आंबट होती की जागा ओली होती? एका वेळचं दूध कमी करून मधल्या वेळेत माणसांच्या ओआरएसचं पाणी, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे एक लिटर पाण्यात कालवून, ५० ते १०० मिली असं दिवसातून चार-पाच वेळा द्यावं. दूध दिवस-दिवस बंद ठेवू नये, त्यानं करडू जास्त खचतं. शेणात रक्त दिसलं, डोळे खोल गेले किंवा करडू उभं राहत नसेल तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना बोलवावं. तीन आठवड्यांपुढच्या करडांत रक्ती हगवण बऱ्याचदा कॉक्सिडियाची असते. तिला वेगळं औषध लागतं. मेडिकलमधून माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या आणून देऊ नयेत.

तीन-चार महिन्यांचं करडू झालं की आंत्रविषार, पीपीआर आणि लाळ्या-खुरकूत यांच्या लसी गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्याव्यात. आंत्रविषाराचा दुसरा डोस चुकवू नये. पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी आंत्रविषार आणि घटसर्पाची लस द्यावी. जंताचं औषध वजन करून, लेंडी तपासून द्यावं. अंदाजानं कमी दिलं तर जंत मरत नाहीत आणि औषधाला सरावतात.

दूध काढताना आणि पिताना

धारेआधी कास पुसावी, हात धुवावेत, पहिली धार काळ्या कपड्यावर बघावी. गाठी किंवा रक्त दिसलं तर दगडी समजून लगेच उपचार करावेत. ते दूध करडालाही पाजू नये. बोकड धारेच्या जागेपासून लांब बांधला तर दुधाला उग्र वास लागत नाही.

शेळीचं दूध उकळूनच प्यावं. ब्रुसेलोसिस हा जनावरांचा आजार कच्च्या दुधातून माणसाला होतो. महिनोन्महिने ताप आणि सांधेदुखी मागे लागते. कळपात वरचेवर गाभ पडत असतील तर रक्त तपासून घ्यावं. डेंग्यूच्या साथीत 'शेळीच्या दुधानं प्लेटलेट वाढतात' म्हणून लोक रात्री-बेरात्री दूध शोधत फिरतात. तसा ठोस पुरावा नाही. दूध पौष्टिक आहे, पण डेंग्यूच्या रुग्णाला दवाखान्यातच न्यावं.

भिंतीवर लावायची यादी

- करडू पडलं की नाक मोकळं, अंग कोरडं, नाळ आयोडीनमध्ये.
- तासाच्या आत चीक. वार पडायची वाट बघायची नाही.
- तोंडात बोट घालून बघा. गार लागलं तर आधी ऊब, मग दूध.
- करडू उभं, मान वर, बाटली सडाच्या उंचीवर.
- मोजून पाजा, वेळेवर पाजा, बाटली दर वेळी धुवा.
- वहीत लिहा : व्याल्याची तारीख, जन्माचं वजन, दर रविवारचं वजन, लस आणि जंताचं औषध.

जनावरांच्या तातडीच्या सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तो आणि आपल्या दवाखान्याच्या डॉक्टरांचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावा, कारण शेळी व्याते तेव्हा घरात नेमकं कोण असेल हे सांगता येत नाही. बऱ्याच घरांत शेळ्या म्हातारी माणसं, बायका आणि शाळेतून आलेली पोरं बघतात. त्यांना पहिल्या तासाचं हे काम नीट माहीत असलं, तर पुढच्या थंडीत वस्तीवर जन्मलेली जुळी दोन्हीच्या दोन्ही वाढतील.